नेरूळच्या एका गृहनिर्माण संस्थेचा दस्तऐवज-सर्व्हर: रिव्हर्स प्रॉक्सी आणि एसएसएलचे प्रकरण

नेरूळमध्ये सिडकोने बांधलेल्या जुन्या वसाहतींपैकी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत ४८ सदनिका आहेत. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून संस्थेच्या कार्यालयातील कपाटाला उसंत मिळेनाशी झाली. कोणाला सिडकोबरोबरचा भाडेपट्टा करार पाहायचा असे, कोणाला सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, कोणाला मूळ नकाशा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार ताळेबंद, इतिवृत्ते, सभासदांची नोंदवही असे दस्तऐवज पाहण्याचा सभासदाला हक्क आहे. परंतु कार्यालय संध्याकाळी दोन तासच उघडे असते आणि बरेच सदनिकाधारक पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात राहतात. म्हणून सर्व कागद स्कॅन करून नेक्स्टक्लाउड या फाइली साठवण्याच्या मुक्त प्रणालीवर ठेवायचे आणि सभासदांना ते घरबसल्या पाहता यावेत, असा ठराव समितीने केला. ठरावात एक अट होती: कागद संस्थेच्या मालकीच्या यंत्रावरच राहतील. नामनिर्देशनाच्या अर्जांसोबत आधार आणि पॅनच्या प्रती जोडलेल्या होत्या आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून खजिनदार बाई या बाबतीत काटेकोर झाल्या होत्या. त्यांचा आग्रह योग्यच होता.

संस्थेचे सचिव माझ्या वडिलांचे कचेरीतील जुने सहकारी; मी त्यांना काका म्हणते. मी ठाण्याला राहते आणि महापे येथे सर्व्हरच्या देखभालीचे काम करते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. या कामात सर्टिफिकेट, म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटवून कूटबद्ध जोडणी शक्य करणारा डिजिटल दाखला, मिळवण्याला फार वेळ लागला नाही. वेळ गेला तो यंत्राच्या आतून दिसणारे चित्र आणि सभासदाला बाहेरून दिसणारे चित्र यांतील फरक शोधण्यात. त्यामुळे जे बिघडले ते मी येथे अधिक विस्ताराने लिहीत आहे.

पत्ताच नसलेले यंत्र

कार्यालयात ८ जीबी मेमरीचा एक छोटा संगणक ठेवला, त्यावर डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या प्रणालीत) नेक्स्टक्लाउड बसवले आणि कार्यालयातील ब्रॉडबँडला जोडले. नेहमीची पद्धत अशी की राउटरवर ८० (साध्या जोडणीचे) आणि ४४३ (कूटबद्ध जोडणीचे) ही दोन पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेली दारे, आतल्या यंत्राकडे वळवायची आणि डोमेनचे नाव राउटरच्या सार्वजनिक पत्त्याकडे दाखवायचे. येथे ते शक्य नव्हते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होणारा दिसत होता, आणि हा पट्टा २०१२ मध्ये सेवा पुरवठादारांच्या सामायिक वापरासाठी राखून ठेवलेला आहे. याचा अर्थ असा की अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले होते आणि बाहेरून आलेली जोडणी संस्थेच्या राउटरपर्यंत पोहोचण्याचा मार्गच नव्हता. राउटरवर पोर्ट कितीही उघडले तरी त्याचा उपयोग झाला नसता. काकांनी आधी एका ओळखीच्या माणसाकडून दोन रविवार हेच करून घेतले होते. राउटरचा हा पत्ता सर्वप्रथम पाहिला असता तर ते दोन रविवार वाचले असते.

स्थिर पत्ता विकत घेण्याऐवजी मी मुंबई विभागातील एक लहान भाड्याचा सर्व्हर घेतला आणि कार्यालयातील यंत्र वायरगार्ड या साधनाच्या टनेलने, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या खासगी कूटबद्ध वाटेने, त्याला जोडले. वायरगार्ड मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ आवृत्तीपासून गाभ्यातच आहे, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. जोडणी कार्यालयाकडून बाहेर जाते, म्हणून सामायिक पत्त्याचा अडथळा उरत नाही; दर २५ सेकंदांनी एक छोटे पॅकेट पाठवत राहिले की मधल्या यंत्रणेने राखलेली वाट मिटत नाही. टनेलमध्ये भाड्याच्या सर्व्हरला १०.८.०.१ आणि कार्यालयाच्या यंत्राला १०.८.०.२ असे पत्ते दिले.

कूटबद्धता कोठे उलगडायची

या ठिकाणी एक निर्णय घ्यावा लागला आणि या प्रकरणात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक ठिकाणी सांगितली जाणारी पद्धत अशी: भाड्याच्या सर्व्हरवर एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर बसवा, सर्टिफिकेट तेथेच ठेवा, ब्राउझरची कूटबद्ध जोडणी तेथे उलगडा आणि आतली विनंती टनेलमधून कार्यालयाकडे पाठवा. हे सोपे आहे आणि चालते. परंतु असे केल्यास प्रत्येक आधार प्रत आणि प्रत्येक पासवर्ड क्षणभर का होईना, भाड्याच्या यंत्राच्या मेमरीत उघड्या स्वरूपात येतो, आणि सर्टिफिकेटची खासगी किल्लीही तेथेच असते. समितीच्या ठरावाचा शब्द पाळला गेला असता, कारण कागद संस्थेच्याच डिस्कवर राहिले असते. ठरावाचा हेतू मात्र पाळला गेला नसता.

म्हणून भाड्याच्या सर्व्हरवरील एनजिनएक्सला मी केवळ निरोप्याचे काम दिले. कूटबद्ध (टीएलएस) जोडणी सुरू होताना ब्राउझर जे पहिले पॅकेट पाठवतो, त्यात हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नाव सहसा उघडे असते. निरोप्याने तेवढे नाव वाचायचे आणि उर्वरित कूटबद्ध प्रवाह न उघडता, जसाच्या तसा टनेलमधून पुढे द्यायचा. खरा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे सर्टिफिकेट दाखवणारा आणि जोडणी उलगडणारा दुसरा एनजिनएक्स, कार्यालयातील यंत्रावर बसवला. (या कूटबद्धतेला आपण सगळे एसएसएल म्हणतो, पण प्रत्यक्षात चालते ते टीएलएस, त्याच्या १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाल्या, म्हणून येथे १.२ आणि १.३ एवढ्याच ठेवल्या.)

या मांडणीची एक किंमत मोजावी लागते. निरोप्या प्रवाह उघडत नाही, म्हणून तो त्यात स्वतःची नोंदही घालू शकत नाही, आणि कार्यालयाच्या एनजिनएक्सला प्रत्येक जोडणी १०.८.०.१ वरूनच आलेली दिसते. यावर उपाय म्हणजे प्रॉक्सी प्रोटोकॉल: निरोप्या कूटबद्ध प्रवाहाच्या आधी एक छोटी नोंद पाठवतो आणि तीत मूळ पाहुण्याचा पत्ता असतो. ही नोंद पाठवणारा आणि वाचणारा यांत एकाच वेळी बदल करावा लागतो. मी ४४३ साठी दोन्हीकडे बदल केला, ८० साठी मात्र निरोप्याकडेच केला. त्यामुळे कूटबद्ध पान उघडत होते आणि साध्या पोर्टवर प्रत्येक विनंतीला ४०० क्रमांकाची त्रुटी येत होती. हे माझ्या लक्षात आले ते सर्टिफिकेट मागायला गेल्यावर. तोवर मी ब्राउझरमध्ये तात्पुरत्या, स्वतःच सही केलेल्या सर्टिफिकेटवर ४४३ एवढेच तपासत होते.

सर्टिफिकेट

सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून घेतले. २०१५ च्या अखेरीपासून ती सर्वांना विनामूल्य सर्टिफिकेट देते आणि त्यांची मुदत ९० दिवस असते. नावावरील हक्क सिद्ध करण्यासाठी तिचे सर्व्हर त्या नावाच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन, सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रामने तेथे ठेवलेली एक चिठ्ठी वाचतात. पोर्ट दुरुस्त केल्यावरही ही पडताळणी अयशस्वी झाली, आणि माझ्या फोनवर मात्र तीच चिठ्ठी व्यवस्थित दिसत होती.

कारण डोमेनच्या नोंदींत होते. नाव विकणाऱ्या कंपनीने सुरुवातीला लावलेली आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीची नोंद तशीच राहिली होती आणि ती कंपनीच्या जाहिरातीच्या पानाकडे दाखवत होती. मी आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीची नोंद बदलली होती. दुसरी आहे हे पाहिलेच नव्हते. दोन्ही नोंदी असतील तर लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर आयपीव्ही६ ला प्राधान्य देतात. ते जाहिरातीच्या पानावर गेले, तेथे चिठ्ठी नव्हती. हे कळेपर्यंत मी पाच वेळा प्रयत्न करून बसले होते, आणि एका नावासाठी तासाला पाच अयशस्वी पडताळण्या ही मर्यादा आहे. काही वेळ थांबावे लागले. चाचणीसाठी त्यांचा वेगळा सर्व्हर असतो आणि त्याच्या मर्यादा बऱ्याच सैल असतात. पहिला प्रयत्न नेहमी तेथेच करावा, हे मला ठाऊक असूनही घाईत मी तसे केले नाही.

दुसरी एक गोष्ट समितीला आधीच सांगून ठेवली होती. दिले जाणारे प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक पारदर्शकता नोंदवह्यांत टिपले जाते, म्हणून त्यातील नाव कोणालाही वाचता येते. नाव गुप्त ठेवून सुरक्षितता मिळत नाही. सर्टिफिकेट मिळाल्यावर त्याच संध्याकाळी लॉगमध्ये वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीच्या लॉगिन पानाचा शोध घेणाऱ्या अनोळखी विनंत्या येऊ लागल्या. संस्थेचे नाव किंवा सेक्टर क्रमांक डोमेनच्या नावात न घालण्याचा निर्णय त्यामुळे सार्थ ठरला.

कुलूप दिसते, पण ॲप उघडत नाही

संध्याकाळी काकांचा फोन आला. “अगं, ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय, पान पण उघडतंय. पण मोबाइलच्या ॲपमध्ये ‘परवानगी द्या’ दाबलं की नुसतं चक्र फिरत राहतं.”

ब्राउझरपासून एनजिनएक्सपर्यंतची जोडणी कूटबद्ध असते; एनजिनएक्सपासून डॉकरमधील नेक्स्टक्लाउडपर्यंतचा त्याच यंत्रावरचा शेवटचा टप्पा साध्या एचटीटीपीने, म्हणजे कूटबद्धतेशिवाय, जातो. आपण बाहेर कूटबद्ध पत्त्यावर उभे आहोत, हे नेक्स्टक्लाउडला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे ते स्वतःचे दुवे साध्या एचटीटीपीचे बनवत होते आणि परवानगीच्या पानावर ब्राउझर असा दुवा सुरक्षिततेच्या नियमाने अडवत होता. एनजिनएक्सने मूळ नाव आणि मूळ प्रोटोकॉल हेडरमध्ये (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळींत) पुढे पाठवणे, तसेच नेक्स्टक्लाउडच्या मांडणीत प्रोटोकॉल एचटीटीपीएस आहे असे नोंदवणे, एवढ्याने ॲप सुरू झाले.

त्याच आठवड्यात दुसरी तक्रार आली. एका ज्येष्ठ सभासदांनी पासवर्ड अनेकदा चुकवला आणि काही वेळाने सर्वांचेच लॉगिन रेंगाळू लागले; काहींना ‘फार विनंत्या’ असा संदेश आला. नेक्स्टक्लाउडमध्ये एकाच पत्त्यावरून चुकीचे प्रयत्न होत राहिले की त्या पत्त्याला उत्तर देण्यास मुद्दाम विलंब केला जातो, आणि तो २५ सेकंदांपर्यंत वाढतो. हे संरक्षण चांगले आहे, पण लॉग उघडल्यावर दिसले की ४८ घरांचा पत्ता एकच होता: १७२.१८.०.१, म्हणजे डॉकरचे आतले प्रवेशद्वार. निरोप्याने मूळ पत्ता पाठवला होता, एनजिनएक्सने तो वाचलाही होता. पुढे नेक्स्टक्लाउडला मात्र तो पोहोचला नव्हता. मूळ पत्त्याचे हेडर जोडले आणि त्या प्रवेशद्वाराला विश्वासू प्रॉक्सी म्हणून नोंदवले. विश्वास फक्त त्या एका पत्त्यावर ठेवला, आणि पाहुण्याने स्वतःच असे हेडर लिहून आणले असेल तर एनजिनएक्सने ते पुसून स्वतः पाहिलेला पत्ता लिहावा, अशी व्यवस्था केली. तसे न केल्यास कोणीही खोटा पत्ता सांगून हे संरक्षण चुकवू शकतो.

नकाशे चढवताना ४१३ क्रमांकाची त्रुटी आली, कारण एनजिनएक्स मुळात १ मेगाबाइटपेक्षा मोठी विनंती स्वीकारत नाही, मर्यादा वाढवली. नेक्स्टक्लाउडचे ८०८० हे पोर्ट डॉकरने यंत्राच्या सर्व पत्त्यांवर उघडले होते आणि डॉकर स्वतःचे नियम थेट लिनक्सच्या फायरवॉलमध्ये घालतो, त्यामुळे वरवर बंद दिसणारे ते पोर्ट कार्यालयाच्या वाय-फायवरून, म्हणजे पहारेकऱ्याच्या केबिनमधूनही, कूटबद्धतेशिवाय उघडत होते. ते यंत्राच्या अंतर्गत १२७.०.०.१ या पत्त्यापुरते बांधले.

सप्टेंबरचा रविवार

हे सर्व एप्रिलच्या मध्यात पूर्ण झाले होते. पुढे पाच महिने काहीही तक्रार नव्हती. वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेची सूचना गेली, ताळेबंद सर्व्हरवर चढवला गेला, आणि सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी सकाळी सर्व सभासदांना एकाच वेळी लाल इशारा दिसू लागला: जोडणी सुरक्षित नाही, सर्टिफिकेटची मुदत संपली आहे.

अशा इशाऱ्याखाली सहसा ‘तरीही पुढे जा’ असा मार्ग असतो. येथे तो नव्हता. मीच एचएसटीएसचे हेडर लावले होते, ज्यात या नावावर पुढील १८० दिवस केवळ बिनचूक कूटबद्ध जोडणीच मान्य करावी असे ब्राउझरला सांगितलेले असते, आणि ब्राउझर ते प्रामाणिकपणे पाळत होते. त्या हेडरबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. आधार प्रती असलेल्या ठिकाणी लोकांना इशारा ओलांडायची सवय लागणे त्याहून वाईट.

मी यंत्रावर गेले आणि सर्टबॉटला सर्टिफिकेटची स्थिती विचारली. उत्तर आले: वैध, आणखी ६० दिवस शिल्लक. म्हणजे नूतनीकरण ऑगस्टमध्ये ठरल्याप्रमाणे झाले होते. मग त्याच नावाला बाहेरून, ओपनएसएसएलच्या साधनाने जोडणी केली आणि जे सर्टिफिकेट प्रत्यक्ष हाती आले त्याची अंतिम तारीख वाचली. ती आदल्या रात्रीची होती. डिस्कवरील फाइल नोव्हेंबरपर्यंत वैध आणि दारात दाखवले जाणारे सर्टिफिकेट मुदत संपलेले, अशा दोन तारखा दोन खिडक्यांत शेजारी शेजारी होत्या.

एनजिनएक्स सर्टिफिकेटची फाइल सुरू होताना किंवा रीलोड केल्यावरच, म्हणजे मांडणी पुन्हा वाचायला सांगितल्यावरच, वाचतो. त्यानंतर ती मेमरीत राहते आणि डिस्कवर नवी फाइल आली तरी त्याला पत्ता लागत नाही. सर्टबॉटचे एनजिनएक्ससाठीचे प्लगइन वापरले असते तर रीलोड आपोआप झाले असते. मी मात्र सर्टबॉटला एनजिनएक्सच्या मांडणीला हात लावू द्यायचा नाही म्हणून केवळ सर्टिफिकेट आणून ठेवण्याचा पर्याय निवडला होता आणि त्यासोबत जो रीलोडचा हुक (नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी आज्ञा) लावावा लागतो तो लावायचा राहिला होता.

मग जूनचे पहिले नूतनीकरण सुरळीत कसे झाले, हा प्रश्न मला बराच वेळ सुटत नव्हता. त्याचे उत्तर यंत्राच्या लॉगमध्ये मिळाले. जूनच्या अखेरीस पहिल्या जोरदार पावसात वसाहतीची वीज गेली होती, यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले होते, आणि सुरू होताना एनजिनएक्सने नवी फाइल वाचली होती. त्या खंडित विजेला कंटाळून समितीने जुलैमध्ये कार्यालयाला इन्व्हर्टर बसवला. तेव्हापासून यंत्र एकदाही थांबले नाही, म्हणून ऑगस्टमध्ये आलेले सर्टिफिकेट कोणी वाचलेच नाही. माझी चूक एप्रिलपासून तेथेच होती. वीज जात होती तोवर ती झाकलेली राहिली.

मुदत संपत आल्याचे पत्र तरी यायला हवे होते, असे खजिनदार बाई म्हणाल्या. लेट्स एन्क्रिप्टने अशी पत्रे ४ जून २०२५ पासून बंद केली आहेत. ती येत असती तरी येथे उपयोग झाला नसता, कारण त्यांच्या नोंदीप्रमाणे नूतनीकरण वेळेवर झालेले होते.

दुरुस्ती आणि पहारा

एनजिनएक्स रीलोड करताच पान लगेच उघडले. रीलोडमध्ये चालू जोडण्या तुटत नाहीत: जुने कामकरी प्रोसेस हातातले काम पूर्ण करून जातात आणि नवे नव्या सर्टिफिकेटसह उभे राहतात. त्यामुळे हे दिवसाढवळ्या करायला हरकत नसते. मग नूतनीकरणानंतर चालणाऱ्या हुकांच्या फोल्डरमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली: आधी एनजिनएक्सच्या मांडणीची तपासणी, ती बिनचूक असेल तरच रीलोड. सर्टबॉटच्या सराव-फेरीत हा हुक आपोआप चालत नाही, म्हणून सराव-फेरी यशस्वी झाली एवढ्यावर मी थांबले नाही. स्क्रिप्ट हाताने चालवून एनजिनएक्सच्या लॉगमध्ये रीलोडची नोंद पाहिली.

पहारा भाड्याच्या सर्व्हरवर बसवला. तेथून रोज सकाळी सार्वजनिक नावाला, एखाद्या सभासदाप्रमाणे, जोडणी केली जाते आणि जे सर्टिफिकेट समोर येते त्याचे २० पेक्षा कमी दिवस उरले असतील तर काकांना आणि मला पत्र जाते. डिस्कवरील फाइल हा पहारा पाहतच नाही. सर्टबॉट ३० दिवस उरले असताना नूतनीकरण करतो, त्यामुळे मधल्या दहा दिवसांत वीज, ब्रॉडबँड किंवा टनेल यांपैकी काही बंद असले तरी धावपळ होत नाही. हा हिशेब पुढे बदलावा लागेल. सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस, असे ब्राउझर आणि सर्टिफिकेट संस्था यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवले आहे. नूतनीकरण जितके वारंवार होईल तितका न लावलेला हुक लवकर उघडा पडेल. इन्व्हर्टर असो वा नसो.

सभा ठरल्या दिवशी झाली आणि ताळेबंदावरची चर्चा ताळेबंदावरच राहिली. पुढचे नूतनीकरण ऑक्टोबरच्या मध्यात अपेक्षित होते. त्या आठवड्यात मी सकाळी ठाण्याहून गाडीत बसले की मोबाइलच्या डेटावरून संस्थेचे पान उघडून कुलपामागची तारीख वाचत असे. चौथ्या दिवशी रबाळे स्टेशन गेल्यानंतर पान उघडले तेव्हा नोव्हेंबरच्या जागी जानेवारीची तारीख होती. महापेला पोहोचल्यावर यंत्र किती दिवस सलग चालू आहे ते पाहिले: जुलैपासून, एकदाही बंद न होता.